नळीच्या तळाशी नेमकं काय बसतं?

१९४६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट रक्त गोठण्याच्या क्रियेमागे लागले होते. प्लेटलेट काढून टाकलेला प्लाझ्मा त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या ३१ हजार पट जोराने फिरवला. वर उरलेला द्रव गोठायला आधीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला, आणि तळाला बसलेला गाळ गोठण्याला हातभार लावतो असं दिसलं. म्हणजे गोठण्याला मदत करणाऱ्या ऐवजाचा काही भाग प्लाझ्मात विरघळलेला नव्हता, तो कणांच्या रूपात होता. शारगाफ पुढे डीएनएमधल्या घटकांच्या प्रमाणाचे नियम शोधून विख्यात झाले आणि हा गाळ मागे पडला. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर वुल्फ यांनी तसाच गाळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला प्लेटलेटची धूळ म्हटलं.

१९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बिन-ताओ पॅन आणि रोझ जॉनस्टन मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी पाहत होते. पक्व होताना या पेशी लोह आत घेणारं एक ग्राहक प्रथिन गमावतात. ते जातं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. पेशी ज्या द्रवात वाढत होत्या तो द्रव जोराने फिरवल्यावर ते प्रथिन गाळात सापडलं, इवल्या पुटिकांच्या, म्हणजे पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या, भिंतीत बसलेलं. त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये क्लिफर्ड हार्डिंग, जॉन ह्यूझर आणि फिलिप स्टाल यांनी उंदराच्या पेशींमध्ये ही वाट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पेशीच्या आतल्या एका पिशवीत, म्हणजे एंडोसोममध्ये, लहान पुटिका तयार होतात. ती पिशवी पेशीच्या बाह्यपटलाला जाऊन जुळते आणि आतल्या पुटिका बाहेर पडतात. १९८७ मध्ये जॉनस्टन यांच्या गटाने त्यांना एक्सोसोम हे नाव लावलं.

शारगाफ, वुल्फ, जॉनस्टन, तिघांच्याही हाती ही वस्तू आली ती सेंट्रिफ्यूजच्या नळीतला गाळ म्हणून. तेव्हापासून या क्षेत्राच्या मानगुटीवर एक शंका बसली आहे, ती अजून उतरलेली नाही. आपण एक्सोसोम म्हणून जे वेगळं काढतो ते खरोखर एक्सोसोम असतं, की आपल्या यंत्राने जे काही तळाशी आणलं त्यालाच आपण एक्सोसोम म्हणतो?

शंका साधी नाही. एक्सोसोम ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाचे असतात. पेशीच्या बाह्यपटलाला फुगवटा येऊन थेट तुटणाऱ्या पुटिका वेगळ्या असतात. त्या बहुधा मोठ्या, १०० ते १,००० नॅनोमीटरच्या. पण दोन्ही मापं एकमेकांत शिरतात. १२० नॅनोमीटरची एखादी पुटिका हाती आली तर ती आतल्या पिशवीतून आली की बाहेरच्या पटलावरून तुटली, हे तिच्याकडे बघून कळत नाही. शिवाय तिच्यासारख्या दिसणाऱ्या, तिच्याइतक्या आकाराच्या इतर वस्तूंची रक्तात रेलचेल असते.

हे कण वेगळे काढायचा एवढा खटाटोप कशासाठी? १९९६ मध्ये ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रतिकारसंस्थेच्या बी पेशींनी सोडलेले एक्सोसोम टी पेशींना चेतवू शकतात. तोवर त्यांना कचरा समजलं जात होतं. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या हादी वालादी, यान लोटवाल आणि सहकाऱ्यांना त्यांच्यात आरएनए सापडला, आणि एका पेशीतून निघालेला संदेशवाहक आरएनए दुसऱ्या पेशीत पोचून तिथे प्रथिन बनवू शकतो हेही दिसलं. मग झुंबड उडाली. गाठीचा तुकडा न काढता रक्ताच्या किंवा लघवीच्या नमुन्यातून कर्करोगाचा माग काढता आला तर कोणाला नको आहे?

पण त्या रक्तात डोकावून पाहा. एका मिलिलिटर प्लाझ्मात एकट्या अल्ब्युमिनचे साधारण ४० मिलिग्रॅम असतात. त्याहून त्रासदायक म्हणजे लायपोप्रोटीन, रक्तातून चरबी वाहून नेणारे कण. यांची संख्या एक्सोसोमच्या तुलनेत लाखपटींच्या हिशोबात जास्त. एचडीएल ५ ते १२ नॅनोमीटरचे, एलडीएल २० ते २५ चे, व्हीएलडीएल ३० ते ८० चे, आणि जेवणानंतर आतड्यातून येणारे कायलोमायक्रॉन ७५ पासून पुढे थेट १,००० नॅनोमीटरपर्यंत. म्हणजे मापावर गाळायला गेलं तर व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन एक्सोसोमबरोबर येतात. घनतेवर गाळायला गेलं तर ते वर तरंगतात आणि बाजूला होतात, पण एचडीएलची घनता एक्सोसोमच्या घनतेच्या पट्ट्यातच पडते, त्यामुळे ते चिकटून राहतं.

या गर्दीमुळे काय घोटाळा होतो याचं उदाहरण २०११ चं आहे. सिएटलमध्ये मुनीश तिवारी यांच्या गटाने प्लाझ्मातला मायक्रो-आरएनए, म्हणजे आरएनएचा एक अगदी आखूड प्रकार, नेमका कुठे असतो हे तपासलं. तोवरचा समज असा, की तो पुटिकांच्या आत सुरक्षित असतो, म्हणूनच रक्तातल्या पाचकद्रव्यांपासून वाचतो. त्यांना दिसलं, की त्यातला बहुतांश पुटिकांच्या बाहेर, आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाला बिलगून फिरतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने एचडीएलही मायक्रो-आरएनए वाहतं हे दाखवलं. २०१४ मध्ये तिवारी यांच्याच गटाने आणखी खोल जाऊन हिशोब मांडला. भरपूर असणाऱ्या मायक्रो-आरएनएचीसुद्धा एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून अधिक एक्सोसोम तपासावे लागतात. आता विचार करा. गाळात आर्गोनॉट आणि एचडीएल थोडंसं जरी मिसळलेलं असलं, तरी मोजलेला आरएनए कोणाच्या खात्यावर टाकायचा?

नमुना यंत्रापर्यंत पोचण्याआधीच निम्मा खेळ होऊन गेलेला असतो. रक्त टोचून काढताना सुई बारीक असली किंवा नळी जोराने हलवली तर पेशी फुटतात आणि त्यांचे तुकडे मिसळतात. रक्त गोठू देऊन सीरम घेतलं तर गोठताना प्लेटलेट स्वतःच ढीगभर पुटिका सोडतात, आणि त्या रुग्णाच्या शरीरातल्या नसून नळीतल्या असतात. म्हणून बहुतेक जण प्लाझ्मा घेतात. गोठणं थांबवायला हेपॅरिन वापरलं तर ते पुढे आरएनए मोजायच्या पीसीआर चाचणीत अडथळा आणतं, म्हणून सिट्रेट किंवा ईडीटीए. प्लाझ्मा फ्रीजरमध्ये टाकण्यापूर्वी २,५०० पट जोराने १५ मिनिटं, असं दोनदा फिरवून प्लेटलेट काढून टाकायच्या, नाहीतर उणे ८० अंशांवर गोठवून वितळवताना त्या फुटतात आणि सगळा नमुना त्यांच्याच चिंध्यांनी भरतो. शेवटी उपाशीपोटी रक्त घेणं. साखरेसाठी घेतात तसंच, कारण मात्र इथे कायलोमायक्रॉन.

आता यंत्राकडे वळू. अल्ट्रासेंट्रिफ्यूज बनवलं स्वीडनच्या उप्सालामध्ये थिओडोर स्वेडबर्ग यांनी, १९२० च्या दशकात. त्यांना १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एक्सोसोमसाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली कृती पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या क्लोतिल्द तेरी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहून काढली. आधी ३०० पट जोराने १० मिनिटं फिरवून जिवंत पेशी खाली बसवायच्या. वरची निवळ घेऊन २,००० पट जोराने मेलेल्या पेशी काढायच्या. मग १०,००० पट जोराने अर्धा तास, त्यात पेशींचे मोठे तुकडे आणि मोठ्या पुटिका जातात. आणि शेवटी १,००,००० पट जोराने ७० मिनिटं. तळाचा गाळ स्वच्छ बफरमध्ये कालवून पुन्हा तेवढंच फिरवायचं. पेशींच्या कल्चरच्या द्रवासाठीचे हे आकडे आहेत. प्लाझ्मा दाट असतो, म्हणून तो आधी पातळ करून जास्त वेळ फिरवावा लागतो.

एवढा जोर लागतोच का, हे गणिताने समजून घेण्यासारखं आहे. द्रवात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर आणि द्रवापेक्षा तो किती जड आहे यावर ठरतो. १०० नॅनोमीटर व्यासाची, पाण्यापेक्षा दहा टक्के जड पुटिका पेल्यात नुसती ठेवली तर ती दिवसभरात साधारण ५० मायक्रोमीटर खाली जाईल. केसाच्या जाडीइतकंही नाही. एक सेंटिमीटर जायला दोनशेहून अधिक दिवस, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू तिला सतत ढकलत राहतात, ती कधीच तळाला बसणार नाही. लाखपट जोर लावला की तेच एक सेंटिमीटर तीन मिनिटांवर येतं. त्यासाठी दहा सेंटिमीटर त्रिज्येचा रोटर मिनिटाला साधारण ३० हजार फेरे घेतो. हवेच्या घर्षणाने तो तापू नये म्हणून आतली हवा काढून टाकलेली असते. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन जुळलं नाही तर तो रोटर हादरू लागतो, आणि या वेगाला हादरलेला रोटर ही गंमत नसते. म्हणून नळ्या तराजूवर तोलल्याशिवाय कोणी झाकण लावत नाही.

गणितात एक मेख दडलेली आहे. व्यास निम्मा झाला की वेग चौपटीने घटतो. ५० नॅनोमीटरच्या पुटिकेला तेच एक सेंटिमीटर बारा मिनिटं घेतं. आता नळी कशी धरली आहे ते बघा. झुलत्या रोटरमध्ये नळी फिरताना आडवी होते आणि वरच्या टोकाच्या कणाला तळापर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर कापावे लागतात. तिरप्या रोटरमध्ये कणाला फक्त समोरची भिंत गाठायची असते, दोन-तीन सेंटिमीटर. दोन प्रयोगशाळा अगदी प्रामाणिकपणे १,००,००० पट जोर, ७० मिनिटं असं लिहितील आणि दोघींच्या गाळात वेगवेगळा माल असेल. लोटवाल यांच्या गटाने २०१४ मध्ये वेगवेगळे रोटर आणि वेगवेगळा वेळ लावून हे तपासलंही. प्रत्येक रोटरची कार्यक्षमता सांगणारा एक आकडा असतो, त्याला के-फॅक्टर म्हणतात. जुन्या शोधनिबंधांत तो क्वचितच सापडतो. मला हा निव्वळ आळस वाटतो, कारण तो रोटरच्या माहितीपत्रकात छापलेला असतो.

दुसरी अडचण अशी, की एकामागून एक वाढत्या जोराने फिरवल्याने कण आकारवारीने सुटे होतील हा समज अर्धाच खरा. सुरुवातीला सगळे कण नळीभर सारखे पसरलेले असतात. तळाजवळचा छोटा कण आणि वरच्या टोकाकडून निघालेला मोठा कण एकाच वेळी तळाला पोचू शकतात. म्हणून १०,००० च्या गाळात लहान पुटिका सापडतात, आणि शेवटच्या गाळात मोठ्या प्रथिनांचे गोळेही. तळाशी दाबले गेल्यावर पुटिका एकमेकींना चिकटतात ते वेगळंच. गाळ बऱ्याचदा डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. नळीच्या कुठल्या बाजूला तो बसणार तिथे आधीच मार्करने खूण करून ठेवायची आणि निवळ ओतून झाल्यावर त्या खुणेवर बफर सोडायचा, असा रिवाज आहे. नवखा विद्यार्थी पहिल्या दिवशी न दिसणाऱ्या वस्तूवर बफर सोडत असतो.

गाळ अधिक शुद्ध हवा तर घनतेची शिडी लावतात. नळीत खाली जड, वर हलकं असं साखरेचं किंवा आयोडिक्सॅनॉलचं द्रावण थरांनी भरायचं आणि रात्रभर फिरवायचं. प्रत्येक कण आपल्या घनतेच्या थरात जाऊन थांबतो. साखरेच्या द्रावणात एक्सोसोम मिलिलिटरला १.१३ ते १.१९ ग्रॅमच्या पट्ट्यात थांबतात. प्रथिनांचे सुटे गोळे त्याहून जड, ते खाली जातात. पद्धत सुरेख आहे, पण एका दिवसात मोजके नमुने होतात आणि माल कमी मिळतो. दवाखान्यातून शंभर रुग्णांचे नमुने आले तर ही पद्धत हात टेकते.

२०१४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका गटाने एक जुनी गोष्ट नव्या कामाला लावली. सेफारोज सीएल-२बी या मण्यांचा साधारण दहा मिलिलिटरचा कॉलम, वरून प्लाझ्मा सोडायचा, खालून अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरचे भाग गोळा करायचे. मण्यांना सुमारे ७५ नॅनोमीटरची छिद्रं असतात. पुण्यात गणपतीचा रथ लक्ष्मी रस्त्यानेच सरळ पुढे जातो आणि सायकलवाला प्रत्येक बोळात शिरून बाहेर येत राहतो, तसं इथे होतं. छिद्रांपेक्षा मोठ्या पुटिका मण्यांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली येतात, नवव्या ते बाराव्या भागात. अल्ब्युमिन आणि एचडीएल प्रत्येक छिद्रात शिरून रेंगाळतात आणि मागाहून येतात. अर्ध्या तासाचं काम. लाखपट जोर नाही, त्यामुळे पुटिका चेपत नाहीत, चिकटत नाहीत. ही पद्धत सायझ-एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी म्हणून ओळखली जाते. तिचे तयार कॉलम न्यूझीलंडच्या आयझॉन या कंपनीने बाजारात आणले आणि पाहता पाहता ते अनेक प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये दिसू लागले.

पण कॉलमला घनता कळत नाही. कायलोमायक्रॉन आणि मोठे व्हीएलडीएल रथाच्या रस्त्यानेच येतात. आधीच्या पद्धतीत नेमके तेच वर तरंगून बाजूला झाले होते, आणि तिथे अडकलेलं एचडीएल इथे मागे राहतं. मला या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट हीच वाटते. दोन पद्धतींच्या आंधळ्या बाजू वेगवेगळ्या आहेत, म्हणून त्या एकामागून एक लावल्या की एकीने सोडलेलं दुसरी पकडते. गॉथेनबर्गच्या गटाने २०१८ मध्ये आयोडिक्सॅनॉलचा थर आणि मग कॉलम अशी जोडी लावून प्लाझ्मातल्या पुटिका लायपोप्रोटीनपासून बऱ्याच अंशी सोडवल्या. किंमत अर्थातच नमुन्यात मोजावी लागते. प्रत्येक पायरीवर माल गळतो. लहान मुलाच्या रक्ताचा अर्धा मिलिलिटर हाती असेल तर दोन पायऱ्यांची चैन परवडत नाही.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. नमुन्यात हे पॉलिमर मिसळायचं, रात्रभर थंडीत ठेवायचं, सकाळी साध्या टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पॉलिमर पाणी धरून ठेवतं आणि बाकीचे कण एकत्र येऊन खाली बसतात. विषाणू गोळा करण्यासाठी ही युक्ती कित्येक दशकं वापरात होती, नंतर ती एक्सोसोमच्या किटच्या डब्यात आली. माल भरपूर मिळतो, कारण लायपोप्रोटीन, आर्गोनॉट, अल्ब्युमिन सगळंच येतं, शिवाय पॉलिमरही. रोगनिदानासाठी एखादा आरएनए मोजायचा असेल आणि तो कोणत्या कणातून आला याला महत्त्व नसेल तर किट चालेल. पण त्या गाळातली प्रथिनं मोजून ती एक्सोसोमची म्हणून छापणं धाडसाचं आहे, आणि अशी छापील धाडसं कमी नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाला चुंबकी मणी. मण्यांवर सीडी९, सीडी६३ किंवा सीडी८१ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना धरणारे प्रतिपिंड चिकटवलेले असतात. मणी नमुन्यात फिरवायचे, नळीला चुंबक लावायचं, बाकी सगळं ओतून टाकायचं. शुद्धता चांगली मिळते. पण जे मागितलं तेच मिळतं. तेरी यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की एकाच पेशीने सोडलेल्या लहान पुटिकांमध्ये या प्रथिनांच्या वेगवेगळ्या जोड्या असलेले अनेक उपगट असतात. सीडी६३ चा मणी लावला तर सीडी६३ नसलेल्या पुटिका गेल्याच, आणि त्या होत्या हेही कळत नाही. शिवाय पकडलेली पुटिका प्रतिपिंडापासून सोडवायला आम्ल किंवा तसलंच काही लागतं, त्यात तिची भिंत शाबूत राहीलच असं नाही. एका जपानी उत्पादनात यावर छान तोड निघाली. त्यातल्या मण्यांवर टिम-४ हे प्रथिन असतं. ते कॅल्शियम असेपर्यंत पुटिकेच्या पटलातल्या एका मेदाला धरून ठेवतं. कॅल्शियम काढून घेतलं की पकड आपोआप सुटते.

गाळण्या आणि सूक्ष्म चिप यांचा कारभार थोडक्यात सांगतो. नमुना सरळ गाळणीवर दाबला तर छिद्रं तुंबतात. म्हणून गाळणीच्या पृष्ठभागाला समांतर द्रव वाहता ठेवून बाजूने गाळतात, ते टँजेन्शियल फ्लो फिल्ट्रेशन. दहा-वीस लिटर द्रव हाताळायचा असेल तर याला पर्याय नाही, म्हणून औषध बनवू पाहणाऱ्या कंपन्यांची मदार यावरच असते. २०१६ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या चिपवर नॅनो आकाराच्या खांबांची रांग उभारून २० ते ११० नॅनोमीटरचे कण आकारानुसार वेगळ्या वाटांना वळवले. पुढच्याच वर्षी टोनी ह्वांग यांच्या गटाने ध्वनिलहरींनी ढकलून रक्तातून पुटिका बाजूला काढल्या. या चिप पाहायला देखण्या आहेत, पण त्यातून सुटणारा माल फार थोडा. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रवाहावर आधारलेली आणखी एक पद्धत वापरली तेव्हा एक्सोसोमचे लहान आणि मोठे असे दोन थर सुटले, आणि त्यांच्याखाली ३५ नॅनोमीटरच्या आसपासचे, पटल नसलेले कण सापडले. त्यांना एक्सोमियर म्हणतात. इतकी वर्षं ते एक्सोसोमच्या गाळातच बसलेले होते.

नमुना बदलला की शत्रू बदलतो. लघवीत लायपोप्रोटीनचा त्रास नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क नेपर यांच्या गटाने लघवीतून एक्सोसोम काढून त्यात २९५ प्रथिनं ओळखली, मूत्रपिंडाच्या आजारांशी संबंधित अनेक त्यात होती. पण लघवीत युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे लांब धागे बनतात, त्यांचं जाळं तयार होतं आणि एक्सोसोम त्यात अडकून आधीच्याच कमी जोराच्या गाळात फेकले जातात. उपाय रासायनिक आहे. डायथायोथ्रिटॉल घातलं की धाग्यांना जोडणारे गंधकाचे बंध तुटतात आणि पुटिका मोकळ्या होतात. दुधात अडसर कॅसीनचा. त्याचे गोळे नेमके एक्सोसोमच्याच मापाचे, म्हणून आधी आम्ल किंवा रेनेट घालून दूध फाडतात, नाहीतर ईडीटीए घालून गोळ्यांमधलं कॅल्शियम काढून घेतात. कल्चरमध्ये वाढवलेल्या पेशींचे एक्सोसोम काढणाऱ्याला वाटतं आपल्याकडे तरी स्वच्छ द्रव आहे. पण पेशींना खाऊ घातलेल्या वासराच्या सीरममध्ये वासराचेच एक्सोसोम असतात. ते आधी रात्रभर फिरवून काढून टाकले नाहीत तर माणसाच्या कर्करोगावरच्या निबंधात गोठ्याचा हिशोब शिरतो.

मग शुद्ध निघालं की नाही हे कळणार कसं? लेझरच्या उजेडात कणांची थरथर पाहून त्यांची संख्या आणि आकार मोजणारी यंत्रं आहेत. पण त्यांना पुटिका आणि व्हीएलडीएलचा थेंब यांतला फरक कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली वाटीसारखी दिसणारी पुटिका बरेच दिवस एक्सोसोमची खूण मानली जात होती. नमुना सुकवताना पुटिका बसकी होते, म्हणून ती वाटीसारखी दिसते. गोठवून पाहिलं तर ती गोल असते. कार्डिफच्या जेसन वेबर आणि ॲलेड क्लेटन यांनी २०१३ मध्ये एक साधी कसोटी सुचवली. दर मायक्रोग्रॅम प्रथिनामागे कण किती ते मोजा. ३ हजार कोटींच्या वर असतील तर माल चोख. दीडशे कोटींच्या खाली असतील तर गाळात प्रथिनांची भेसळ आहे. याशिवाय काय नसायला हवं तेही तपासायचं. प्लाझ्माच्या गाळात लायपोप्रोटीनची खूण सांगणारी प्रथिनं आणि अल्ब्युमिन किती उरलं, हे दाखवल्याशिवाय नुसतं सीडी६३ दाखवणं अपुरं.

या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये किमान अटींची यादी काढली, २०१८ आणि २०२३ मध्ये ती वाढवली. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन एक खुली नोंदवही सुरू केली, तिथे रोटर, वेळ, जोर, नमुना असे तपशील भरायचे असतात. यादीतल्या अटी कोणती पद्धत वापरा हे सांगत नाहीत. काय वापरलं ते लपवू नका, एवढंच सांगतात.

बाजाराला मात्र एवढा धीर नसतो. एक्सोसोमच्या नावाने केस, त्वचा, सांधे यांवर उपचार विकणारे दवाखाने निघाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला, की मान्यता मिळालेलं असं एकही उत्पादन नाही आणि नेब्रास्कामध्ये रुग्णांना गंभीर दुष्परिणाम झाले आहेत. कुपीत एक्सोसोम आहेत असं लिहिलेलं असतं. ते कोणत्या पेशीचे, कशाने वेगळे केलेले, सोबत आणखी काय काय आहे, या प्रश्नांची उत्तरं लेबलवर नसतात. त्याउलट प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अमेरिकेत वापरली जाणारी लघवीची एक चाचणी पाहा. तिला अतिशुद्ध एक्सोसोमची गरजच नाही. ती तीन जनुकांचा आरएनए मोजते, आणि बायोप्सी आत्ता करावी की थांबावं एवढ्या प्रश्नापुरती रुग्णांवर तपासलेली आहे. शुद्धता किती हवी हे प्रश्नावर ठरतं, आणि ज्यांना पेशीचं वर्तन समजून घ्यायचं आहे त्यांना ती जास्तीत जास्त हवी, असं अगदी अलीकडेपर्यंत मानलं जात होतं.

त्या समजाला २०२१ मध्ये तडा गेला. बुडापेस्टच्या एडित बुझास यांच्या गटाने दाखवलं, की प्लाझ्मात सोडलेल्या स्वच्छ पुटिकांभोवती प्रथिनांचा एक थर चढतो, आणि त्यातली प्रथिनं नेमकी तीच असतात ज्यांना आपण इतकी वर्षं भेसळ म्हणत आलो. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या गटाने एकाच स्रोताच्या पुटिका दोन रीतींनी काढल्या. बाजूने गाळून काढलेल्या पुटिकांनी रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना दिली. त्याच पुटिका अल्ट्रासेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर तो गुण गेला, कारण वरचा थर निघून गेला होता. मग त्यांनी धुतलेल्या पुटिकांवर प्रथिनांचा थर पुन्हा चढवला, आणि गेलेला गुण परत आला.